जुनी स्पोर्ट्स कार, सदोष वायरिंग आणि उत्पादकाची जबाबदारी

मोटारीच्या यांत्रिक भागांची झीज डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते. टायर गुळगुळीत होतात, ब्रेक करकरतात, इंजिन धूर सोडू लागते. विजेच्या तारांचे तसे नसते. डॅशबोर्डच्या मागे, इंजिनाच्या कडेने आणि गालिच्याखालून गेलेल्या या तारांमधील बिघाड वर्षानुवर्षे लपून राहतो आणि प्रकट होतो तेव्हा बहुधा गाडीची वॉरंटी केव्हाच संपलेली असते. अशा वेळी मालक आणि उत्पादक यांच्यात जो वाद उभा राहतो त्याचा गाभा एकच असतो. हा दोष गाडीत मुळापासून होता की वयोमानाने आला? पहिले उत्तर ग्राह्य धरले तर खर्चाची जबाबदारी कंपनीवर येते, दुसरे धरले तर मालकावर.

या वादाचे स्वरूप समजून घेण्यासाठी अमेरिकेतील फोर्ड कंपनीच्या मस्टँग या गाडीचे उदाहरण उपयुक्त आहे. १९७९ ते १९९३ या काळातील मस्टँगच्या विद्युत यंत्रणेत तीन वेगवेगळ्या ठिकाणी तक्रारी उद्भवल्या आणि तिन्हींचा शेवट वेगवेगळा झाला. एका बाबतीत कंपनीने गाड्या परत बोलावून भाग फुकट बदलून दिला. दुसऱ्या बाबतीत न्यायालयात जावे लागले. तिसऱ्या बाबतीत मालकांनी आपापला खर्च सोसला. कोणत्या दोषाच्या वाट्याला कोणता शेवट आला आणि का, हे पाहिले की जुन्या गाडीच्या मालकाने काय करावे याचाही उलगडा होतो.

'फॉक्स' मस्टँग

मस्टँग ही गाडी प्रथम १७ एप्रिल १९६४ रोजी बाजारात आली. १९७९ मध्ये तिची तिसरी पिढी अवतरली. फोर्डच्या 'फॉक्स' नावाच्या सांगाड्यावर ती बांधलेली असल्यामुळे आजही तिला 'फॉक्स बॉडी' याच नावाने ओळखले जाते. १९८६ पासून तिच्या पाच लिटर क्षमतेच्या व्ही-८ इंजिनाला इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन मिळाले आणि १९८७ पासून ते इंजिन २२५ अश्वशक्तीचे झाले. तुलनेने कमी किमतीत मिळणारा वेग, सुटे भाग मिळण्याची सोय आणि घरच्या गॅरेजमध्ये खोलता येईल अशी रचना यांमुळे या गाड्या आजही मोठ्या संख्येने जतन केल्या जातात. सर्वांत नवी फॉक्स मस्टँग आता तीस वर्षांहून अधिक जुनी आहे. म्हणजे तिच्या तारांवरील वेष्टणही तितकेच जुने आहे.

वायरिंग का बिघडते?

मोटारीतील तार म्हणजे तांब्याच्या बारीक धाग्यांचा पीळ आणि त्यावर प्लॅस्टिकचे वेष्टण. त्या काळात हे वेष्टण प्रामुख्याने पीव्हीसीचे असे. पीव्हीसीला लवचीकपणा देणारे घटक उष्णतेने हळूहळू उडून जातात आणि वेष्टण कडक होऊन त्याला तडे जातात. इंजिनाच्या जवळून गेलेल्या तारांना याचा फटका सर्वांत आधी बसतो. स्पोर्ट्स कारमध्ये मोठे इंजिन लहान जागेत बसवलेले असल्यामुळे ही उष्णता अधिकच कोंडून राहते.

मात्र आग लागण्याचे मूळ बहुतेकदा तारेत नसून जोडणीत असते. दोन धातूंचा स्पर्श जिथे होतो तिथे गंज, सैलपणा किंवा झीज यांमुळे विद्युतरोध वाढतो. हा रोध कितीही किरकोळ वाटला तरी त्यातून मोठा प्रवाह गेला की उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एखाद्या जोडणीत केवळ ०.०२ ओहम रोध निर्माण झाला आणि तिच्यातून ६० अँपिअर प्रवाह गेला तर त्या ठिकाणी ७२ वॅट उष्णता तयार होते. घरगुती सोल्डरिंग आयर्न साधारणपणे २५ ते ६० वॅटचे असते, हे लक्षात घेतले की प्लॅस्टिकची जोडणी का वितळते ते समजते. यातील आणखी एक धोका असा की, अशा वेळी प्रवाह वाढलेला नसतो, केवळ उष्णता वाढलेली असते. त्यामुळे फ्यूज उडत नाही. फ्यूज हा जादा प्रवाहापासून रक्षण करतो, सैल जोडणीपासून नव्हे.

पहिला दोष : इग्निशन स्विच

किल्ली फिरवल्यावर ज्या स्विचमधून विद्युतप्रवाह निरनिराळ्या भागांकडे वळवला जातो तो इग्निशन स्विच फोर्डच्या या गाड्यांमध्ये स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेला होता. बॅटरीकडून येणारी तार या स्विचपर्यंत सदैव जिवंत असते. गाडी बंद असली, किल्ली खिशात असली तरीही तिच्यात दाब असतोच. स्विचच्या आत झीज होऊन शॉर्ट सर्किट झाले तर तो तापतो, धूर येतो आणि स्टिअरिंगच्या भागात आग लागू शकते. गाडी उभी करून मालक घरात गेल्यानंतरही हे घडू शकत होते. या तक्रारीचे गांभीर्य त्यातच होते, कारण ज्या वाहनतळात किंवा गॅरेजमध्ये गाडी उभी असेल तेही धोक्यात येत होते.

अशा तक्रारींचा ओघ वाढल्यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने चौकशी केली. अखेर एप्रिल १९९६ मध्ये फोर्डने अमेरिकेतील सुमारे ७९ लाख वाहने स्विच बदलून देण्यासाठी परत बोलावली. कॅनडातील वाहने धरता हा आकडा सुमारे ८७ लाखांवर गेला. तोवरच्या सर्वांत मोठ्या रिकॉलपैकी तो एक होता. १९८८ ते १९९३ या मॉडेल-वर्षांतील एस्कॉर्ट, टेम्पो, थंडरबर्ड यांच्याबरोबर मस्टँगचाही त्यात समावेश होता. नवा स्विच बसवण्याचा खर्च कंपनीने उचलला.

तथापि, ज्यांनी न्यायालयात धाव घेतली त्यांचे म्हणणे असे होते की, याच प्रकारचा स्विच १९८४ पासूनच्या वाहनांमध्ये होता. मग रिकॉल १९८८ पासूनच का? त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात विनामूल्य दुरुस्तीचे बंधन पहिल्या खरेदीपासून आठ वर्षांपर्यंतच होते. १९९६ मधून आठ वजा केले की १९८८ उरतात. हे गणित बोलके आहे. रिकॉलबाहेर राहिलेल्या मालकांसह अनेकांनी भरलेले दावे न्यू जर्सीतील संघीय न्यायालयात एकत्र करण्यात आले. परंतु १९९७ मध्ये न्यायालयाने देशभरातील मालकांचा मिळून एक सामूहिक दावा चालवण्यास परवानगी नाकारली. निरनिराळ्या राज्यांचे वॉरंटीविषयक आणि फसवणूकविषयक कायदे भिन्न असल्यामुळे सर्वांना एकच न्याय लावता येणार नाही, हा त्यामागील एक प्रमुख मुद्दा होता. एकच कंपनी, एकाच प्रकारच्या दोषाची तक्रार. पण मालकाच्या पदरात काय पडले हे गाडीच्या जन्मवर्षावर ठरले.

दुसरा दोष : तापल्यावर बंद पडणारे मोड्यूल

दुसरी तक्रार आगीची नव्हती, ती धावती गाडी अचानक बंद पडण्याची होती. इंजिनातील ठिणगीची वेळ नियंत्रित करणारा 'थिक फिल्म इग्निशन' अर्थात टीएफआय नावाचा इलेक्ट्रॉनिक भाग फोर्डने १९८३ पासून अनेक मॉडेलांमध्ये थेट डिस्ट्रिब्युटरवर बसवला. मस्टँगच्या इंजेक्शन असलेल्या व्ही-८ इंजिनावरही त्याची जागा तीच होती. डिस्ट्रिब्युटर इंजिनाला जोडलेला असल्यामुळे इंजिनाची सारी उष्णता या नाजूक भागापर्यंत पोहोचत असे. तो प्रमाणाबाहेर तापला की ठिणगी थांबे आणि गाडी रस्त्यातच बंद पडे. थोड्या वेळाने मोड्यूल थंड झाले की ती पुन्हा सुरूही होई.

मालकाची खरी कुचंबणा इथेच होती. टो करून गाडी गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत ती थंड झालेली असे. मेकॅनिक ती सुरू करी आणि कागदावर 'दोष आढळला नाही' असा शेरा मारी. हा शेरा पुढे कंपनीच्या बाजूचा पुरावा ठरे. येऊन-जाऊन होणाऱ्या विद्युत बिघाडाच्या प्रत्येक तक्रारीत हा अनुभव कमी-अधिक प्रमाणात येतो.

सुरक्षा प्रशासनाने १९८० च्या दशकात फोर्डच्या गाड्या बंद पडण्याच्या तक्रारींची एकापेक्षा अधिक वेळा चौकशी केली, पण त्यातून या मोड्यूलसाठी रिकॉल झाला नाही. पुढे कॅलिफोर्नियातील मालकांनी अलामेडा परगण्याच्या न्यायालयात सामूहिक दावा लढवला. न्यायाधीश मायकेल बॅलाची यांनी ऑक्टोबर २००० मध्ये, मोड्यूलची जागा सदोष असल्याचे कंपनीला ठाऊक होते आणि तिने ती माहिती नियंत्रकापासून दडवली, असा निष्कर्ष काढून कॅलिफोर्नियातील सुमारे १७ लाख वाहनांच्या रिकॉलचा आदेश दिला. अमेरिकेत एखाद्या न्यायाधीशाने मोटारींच्या रिकॉलचा आदेश देण्याची ही पहिलीच वेळ मानली गेली. फोर्डला हा निष्कर्ष मान्य नव्हता आणि आपली वाहने सुरक्षित असल्याचा तिचा दावा कायम होता. अखेर २००१ मध्ये तडजोड झाली आणि ज्या मालकांनी स्वतःच्या पैशाने मोड्यूल बदलले होते त्यांना परतफेड देण्याचे कंपनीने मान्य केले.

या तडजोडीचा लाभ घेण्यासाठी मात्र एक गोष्ट हवी होती आणि ती म्हणजे पावती. दहा-बारा वर्षांपूर्वी कोणत्या तरी गॅरेजमध्ये मोड्यूल बदलले होते, हे लक्षात असणे निराळे आणि ते सिद्ध करता येणे निराळे.

तिसरा दोष : आल्टरनेटरची जोडणी

तिसऱ्या तक्रारीची कहाणी सर्वांत छोटी आहे. १९८६ ते १९९३ या काळातील मस्टँगच्या आल्टरनेटरमधून बॅटरीकडे जाणारा प्रवाह बोल्टने आवळलेल्या तारेतून नव्हे, तर दाबून बसवायच्या एका चपट्या प्लॅस्टिक जोडणीतून जातो. हा आल्टरनेटर सुमारे ६५ अँपिअरचा आहे. जोडणीतील पात्या सैल झाल्या की वर सांगितलेले उष्णतेचे गणित लागू होते. प्लॅस्टिक तपकिरी पडते, वितळते आणि कधी पेटही घेते. या गाड्यांच्या मालकांमध्ये आणि मेकॅनिकांमध्ये हा दोष सर्वज्ञात आहे.

यावरील उपायही सर्वज्ञात आहे. बहुतेक मालक १९९४ नंतरच्या मस्टँगमधील १३० अँपिअरचा, बोल्टची जोडणी असलेला आल्टरनेटर स्वखर्चाने बसवतात. तो बसवताना बॅटरीपर्यंत नवी जाड तार आणि तिच्यासाठी स्वतंत्र फ्यूज घालणे आवश्यक असते. जुन्याच तारांवर दुप्पट प्रवाहाचा भार टाकणे म्हणजे एक दोष काढून दुसरा लावून घेणे होय.

कालमर्यादांचे चार कायदे

जुन्या गाडीबाबत उत्पादकाकडे दाद मागताना चार निरनिराळ्या कालमर्यादा लक्षात घ्याव्या लागतात. त्यांची गल्लत झाली की हक्काची बाजूही हातची जाते.

पहिली मर्यादा वॉरंटीची. ती खरेदीच्या करारात ठरलेली असते आणि जुन्या गाडीच्या बाबतीत ती संपलेलीच असते. दुसरी मर्यादा वॉरंटीभंगाच्या दाव्याची. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत ती मालाचा ताबा मिळाल्यापासून चार वर्षांची आहे. दोष केव्हा कळला याला त्यात सहसा महत्त्व नसते. तिसरी मर्यादा सदोष उत्पादनामुळे झालेल्या इजेच्या किंवा हानीच्या दाव्याची. अनेक राज्यांनी उत्पादन विकले गेल्यापासून ठरावीक वर्षांनंतर असा दावा करण्यास मनाई केली आहे. ही मुदत इंडियाना आणि जॉर्जिया या राज्यांत दहा वर्षांची, तर टेक्ससमध्ये पंधरा वर्षांची आहे.

चौथी मर्यादा रिकॉलची आणि गैरसमज सर्वाधिक आहे तो तिच्याविषयी. विनामूल्य दुरुस्तीचे बंधन पूर्वी आठ वर्षांचे होते. २००० च्या कायद्याने ते दहा वर्षांचे केले आणि डिसेंबर २०१५ मधील कायद्याने पंधरा वर्षांचे. परंतु ही वर्षे मोजायची ती गाडीच्या पहिल्या विक्रीपासून रिकॉलच्या सूचनेपर्यंत. मालक डीलरकडे केव्हा पोहोचला याच्याशी तिचा संबंध नाही. सूचना मुदतीत निघाली असेल तर त्या रिकॉलला पुढे कालबाह्यता नसते. त्यामुळे १९९६ च्या रिकॉलमधील एखाद्या मस्टँगचा स्विच कधीच बदलला गेला नसेल तर तिचा आजचा मालकही, तो पाचवा किंवा सहावा असला तरी, त्या कामाची मागणी करू शकतो. अडचण येते ती सुटा भाग उपलब्ध नसण्याची, हक्क नसण्याची नव्हे.

यात एक व्यावहारिक खाचही आहे. सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर वाहन ओळख क्रमांक टाकून केलेल्या शोधात साधारणपणे गेल्या पंधरा वर्षांतील अपूर्ण रिकॉलच दिसतात. १९९० च्या गाडीचा क्रमांक टाकल्यावर 'एकही रिकॉल प्रलंबित नाही' असे उत्तर आले म्हणून निर्धास्त होणे चुकीचे ठरते. अशा गाडीसाठी वर्ष, कंपनी आणि मॉडेल यांनुसार शोध घ्यावा आणि ओळख क्रमांक देऊन डीलरकडे जुनी नोंद तपासून घ्यावी.

उत्पादकाशी व्यवहार कसा करावा?

वायरिंगमधून जळका वास आला, दिवे मंद-तेज होऊ लागले किंवा एखादी जोडणी तापलेली आढळली तर पहिले काम तक्रारीचे नसून सुरक्षिततेचे आहे. बॅटरीची ऋण जोडणी सोडवावी आणि गाडी घरापासून दूर, मोकळ्या जागी ठेवावी. त्यानंतर पुढील क्रमाने जावे.

प्रथम गाडीची ओळख पक्की करावी. १९८१ च्या मॉडेलांपासून अमेरिकी वाहनांना १७ अक्षरांचा ओळख क्रमांक असतो. त्यातील दहावे अक्षर मॉडेल-वर्ष सांगते. दाराच्या चौकटीवरील पट्टीवर उत्पादनाचा महिना असतो. एखाद्या रिकॉलमध्ये गाडी येते की नाही हे पुष्कळदा या महिन्यावरच ठरते, कारण वर्षाच्या मध्येच भाग बदललेला असू शकतो.

दुसरे, पुरावा जपावा. जळालेली जोडणी, वितळलेला स्विच, तारेचा तुकडा यांपैकी काहीही फेकू नये आणि डीलरकडे कायमचे सोपवू नये. भाग काढण्यापूर्वी तो मूळ जागी असतानाची छायाचित्रे घ्यावीत. आग लागली असेल तर विमा कंपनीला कळवावे, पण गाडी भंगारात जाण्याआधी तिची तज्ज्ञाकडून तपासणी व्हावी असा आग्रह धरावा. विमा कंपनी नुकसानभरपाई देऊन ती रक्कम उत्पादकाकडून वसूल करू पाहते, तेव्हा तिलाही हाच पुरावा लागतो. भाग नष्ट झाला की दोन्ही बाजू तर्काच्या आधारे भांडतात आणि त्यात मालकाची बाजू लंगडी पडते.

तिसरे, त्या दोषाविषयी कंपनीने डीलरांना पाठवलेली तांत्रिक पत्रके शोधावीत. अशी पत्रके म्हणजे रिकॉल नव्हे आणि त्यांमुळे फुकट दुरुस्तीचा हक्क मिळत नाही. पण कंपनीला दोषाची कल्पना होती, ही गोष्ट त्यांतून प्रस्थापित होते. 'हे वयोमानाने झाले' या उत्तराला कंपनीच्याच पत्रकाइतके चांगले प्रत्युत्तर नाही.

चौथे, कंपनीच्या ग्राहक विभागाला लेखी पत्र द्यावे. पत्रात ओळख क्रमांक, गाडीचा पल्ला, घटनेची तारीख, तज्ज्ञाचा अभिप्राय आणि नेमकी मागणी असावी. केवळ संताप व्यक्त करणाऱ्या पत्राला दिलगिरीचे छापील उत्तर येते. 'अमुक भाग बदलून द्यावा' किंवा 'अमुक रकमेची परतफेड व्हावी' अशी मागणी असेल तर होय किंवा नाही असे उत्तर द्यावे लागते. वॉरंटी संपल्यावरही सद्भावना म्हणून खर्चाचा काही भाग उचलण्याची मुभा कंपन्या ठेवतात. तो मालकाचा हक्क नसला तरी मागितल्याशिवाय तो मिळतही नाही.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, सुरक्षा प्रशासनाकडे तक्रार नोंदवावी. हे प्रशासन एकेका मालकाचा वाद सोडवत नाही, त्यामुळे अनेकांना ही नोंद निरर्थक वाटते. प्रत्यक्षात रिकॉलची सुरुवात अशा नोंदींतूनच होते. एकटी तक्रार अपवाद ठरते, शंभर तक्रारी आकृतिबंध ठरतात. कोणाही नागरिकाला दोषाची चौकशी करण्याची रीतसर मागणी प्रशासनाकडे करता येते आणि ती स्वीकारायची की फेटाळायची याचा निर्णय १२० दिवसांत देणे कायद्याला अपेक्षित आहे. शिवाय रिकॉल होण्यापूर्वी स्वखर्चाने दुरुस्ती केलेल्या मालकांना विशिष्ट अटींवर परतफेड देण्याची तरतूद २००० नंतरच्या नियमांत आहे. त्यासाठीही पावती हवीच.

बदल केलेल्या गाड्यांचा प्रश्न

स्पोर्ट्स कारच्या बाबतीत उत्पादकाच्या हाती एक हुकमी बचाव असतो. या गाड्यांचे मालक त्यांत हौसेने बदल करतात. मोठा स्टिरिओ, चोरीविरोधी अलार्म, जादा क्षमतेचा इंधन पंप, विजेवर चालणारा पंखा यांपैकी काहीतरी पूर्वीच्या एखाद्या मालकाने बसवलेले असतेच. त्यासाठी मूळ तार मध्येच सोलून तिला दुसरी गुंडाळलेली असते, कधी फ्यूजऐवजी साधी तार लावलेली असते. अशा गाडीला आग लागली तर मूळ दोष सिद्ध करणे अतिशय अवघड होते.

म्हणून जुनी गाडी विकत घेतानाच ऑटो इलेक्ट्रिशियनकडून वायरिंगची तपासणी करून त्याचा लेखी अहवाल घेणे हिताचे असते. कोणत्या तारा मूळच्या आहेत, कोणत्या नंतर घातल्या, इंजिनाकडील वेष्टणाची स्थिती काय आहे, बॉडीला लावलेल्या अर्थिंगच्या जागा गंजल्या आहेत का, याची त्यात नोंद असावी. पुढे बिघाड झाल्यास तो मूळच्या भागात झाला की जोडलेल्या, हे या अहवालावरून सांगता येते.

भारतातील स्थिती

भारतात रिकॉलची संकल्पना उशिरा रुजली. सोसायटी ऑफ इंडियन ऑटोमोबाइल मॅन्युफॅक्चरर्स या उत्पादकांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्वेच्छा रिकॉलची संहिता आणली. सक्तीच्या रिकॉलची तरतूद मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने झाली आणि त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. हे नियम सात वर्षांहून कमी वयाच्या वाहनांसाठी आहेत. सुरक्षेला बाधा आणणाऱ्या दोषाच्या तक्रारी ठरावीक प्रमाणाबाहेर गेल्या की सरकार चौकशी करून रिकॉलचा आदेश देऊ शकते. त्यापेक्षा जुन्या गाडीच्या मालकाला या मार्गाचा उपयोग नाही.

त्याच्यासाठी उरतो तो ग्राहक संरक्षण कायदा. २०१९ च्या या कायद्यात उत्पादन-दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण असून उत्पादनातील दोष, रचनेतील दोष आणि धोक्याची पुरेशी सूचना न देणे या कारणांसाठी उत्पादकाला जबाबदार धरता येते. तक्रार कारण उद्भवल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. उशिराचे सबळ कारण दिल्यास आयोग तो माफ करू शकतो. मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगाकडे, त्यापुढे दोन कोटी रुपयांपर्यंत राज्य आयोगाकडे आणि त्याहून अधिक असल्यास राष्ट्रीय आयोगाकडे दाद मागता येते. सदोष वस्तू योग्य प्रयोगशाळेत पाठवून तपासून घेण्याचा अधिकार आयोगाला आहे. अर्थात, त्यासाठी तो भाग शिल्लक असायला हवा. तक्रारीपूर्वीच्या सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक उपलब्ध आहे.

तीन दोषांचा बोध

फॉक्स मस्टँगच्या तीन दोषांकडे एकत्र पाहिले तर त्यांची तांत्रिक तीव्रता हा निर्णायक घटक नव्हता, हे लक्षात येते. वितळणारी आल्टरनेटरची जोडणी ही इग्निशन स्विचपेक्षा फार कमी धोक्याची म्हणता येणार नाही. फरक होता तो नोंदींचा. स्विचच्या आगींच्या तक्रारी नियंत्रकाकडे साचल्या, म्हणून रिकॉल झाला. मोड्यूलच्या बाबतीत नियंत्रकाचा मार्ग खुंटला, तेव्हा मालकांनी एकत्र येऊन कागदपत्रे न्यायालयापुढे आणली. आल्टरनेटरच्या बाबतीत दुरुस्ती सोपी आणि स्वस्त होती. ज्याने-त्याने ती करून टाकली आणि विषय गॅरेजपुरताच राहिला.

वायरिंगचा दोष जन्मजात असतो, पण तो बोलतो उशिरा आणि कायद्याची घड्याळे बहुतेक करून विक्रीच्या दिवसापासूनच चालू झालेली असतात. या दोहोंमधले अंतर एकट्या मालकाला कमी करता येत नाही. जपून ठेवलेली पावती, न फेकलेला जळका भाग आणि योग्य ठिकाणी वेळेवर केलेली नोंद एवढेच त्याच्या हाती असते. त्या नोंदीचा फायदा कदाचित त्याला स्वतःला होणार नाही. पण तीच गाडी चालवणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या घरात रात्री बंद गॅरेजमध्ये आग लागण्याचे त्यामुळे टळू शकते.